पाणी मोजलंस का?

साळवे बाई, मी कुणामुळे शिकलो असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी तुमचं नाव घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. तीच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आम्ही जल्म देला. पुढचं सगळं बाईनं केलं."

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार पानं लिही, असं प्रज्ञाताई म्हणाली. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, कुठं कुठं बदल्या झाल्या, हे ती मुलगी म्हणून स्वतः लिहिणार आहे. "तू तुझं लिही," एवढंच मला म्हणाली. मी हो म्हणालो आणि तेव्हापासून कागद पुढे ओढतोय, मागे सारतोय. तुमच्याविषयी खरं लिहायचं तर मला माझ्याविषयीही खरं लिहावं लागेल, आणि ते तीर्थपुरीतले सगळे वाचतील. माझे वडीलसुद्धा कुणाकडून तरी वाचून घेतील.

नव्वद सालच्या आसपास मी नववीत होतो. आमची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन टेबलं आणि कायम कुलूप असलेलं कपाट. तुम्ही बदलून आलात आणि पहिल्याच आठवड्यात ते कुलूप काढून ठेवलंत. हेडमास्तर म्हणाले, "बाई, पोरं ॲसिड सांडतील." तुम्ही म्हणालात, "सांडू द्या सर. पुसायला शिकतील."

मला त्या खोलीची भीती वाटायची. बाटल्यांची, स्पिरिटच्या दिव्याची, आणि सगळ्यात जास्त तुमच्या प्रश्नांची. तुम्ही कधी मारलं नाही, आवाजही चढवला नाही. फक्त विचारायचात आणि उत्तर येईपर्यंत वाट बघत उभ्या राहायचात.

कोबाल्ट क्लोराइडच्या कागदाचा प्रयोग होता. गाळणकागद गुलाबी द्रावणात बुडवायचा आणि दिव्यावर धरून वाळवायचा, की तो निळा होतो. मग झाडाच्या पानाला दोन्ही बाजूंनी तो लावून चिमटा मारायचा. पानातून बाहेर पडणारं पाणी लागलं की निळा कागद पुन्हा गुलाबी होतो. किती वेळात झाला ते वहीत लिहायचं. दिवस श्रावणाचे होते. माझा कागद पानाला लावायच्या आधीच गुलाबी पडायला लागला. मी घाबरलो. शेजारच्याच्या वहीतले आकडे उतरवले, खाली पट्टीनं रेघ मारली आणि वही पुढे केली.

तुम्ही वही उलटीसुलटी करून पाहिलीत.

"वही लई स्वच्छ आहे दत्ता. प्रयोग केला का उतरवला?"

"केला बाई."

"मंग डाग कुठंय?"

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. मी रबर काढलं तर तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत. "खोडायचं न्हाई. एक आडवी रेघ मार. खालचं वाचता आलं पाह्यजे. उद्या कुणालातरी कळलं पाह्यजे, इथं काय चुकलं होतं." मग माझ्याकडून खाली लिहून घेतलंत: हवा ओली होती, कागद आधीच गुलाबी झाला. माझ्या वहीतलं ते पहिलं खरं निरीक्षण.

आणखी एक गोष्ट तेव्हाचीच आहे आणि मी ती कधी बोललो नाही. स्टाफरूममधल्या माठाला तुम्ही हात लावत नव्हता. का, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. तुम्ही प्रयोगशाळेत तुमचा स्वतःचा माठ ठेवलात आणि एक दिवस सगळ्यांसमोर म्हणालात, "ज्याला तहान लागली त्यानं इथं प्यावं." मी प्यायलो. चार दिवसांनी तुम्ही मला विचारलंत, "घरी सांगितलं का?" मी म्हणालो, "हो." मी सांगितलं नव्हतं. माझ्या आजोबांची भीती वाटली होती. तुम्ही माझ्याकडे बघत उभ्या राहिलात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळलात. त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का, हे मी तुम्हाला पुढं पंधरा वर्षांत विचारू शकलो असतो.

बारावीनंतर मला घेऊन औरंगाबादला तुम्हीच आलात, एसटीनं. कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीपुढे फॉर्मवर माझं नाव इंग्रजीत लिहिताना मी एकेक अक्षर पुन्हा पुन्हा तपासत होतो. तुम्ही बाकावर बसून बघत होता.

"भीती वाटून राह्यली का?"

"न्हाई बाई."

"वाटू दे की. भीती वाटणारा माणूस माप बराबर घेतो. बेफिकीर माणूस अंदाजानं ओततो."

हे वाक्य मी एमएस्सीपर्यंत आणि पुढं पुण्याला संशोधनाला लागेपर्यंत जपून ठेवलं. मुलाखतीतही सांगितलं. पण बाई, ते चूक आहे. हा वाद तुमच्याशी घालायचा राहिला, म्हणून इथं घालतो. थोडी भीती असली तर माणूस माप नीट घेत असेल. फार भीती असली तर तो माप घेतच नाही. मी घेतलं नाही.

आयनिक लिक्विडची पहिली बाटली मी तुम्हाला दाखवायला आणली तो दिवस मात्र चांगला होता. तुम्ही रिटायर होऊन परतूरला प्रज्ञाताईकडे राहायला आला होता. बोटाएवढी बाटली, आत मधासारखं काहीतरी. मी म्हणालो, "बाई, हे मीठ आहे."

"मिठाचं पाणी?"

"पाणी नाही. नुसतं मीठ. पण पातळ. तापवलं तरी याची वाफ होत नाही."

तुम्ही बाटली उजेडाला धरून कितीतरी वेळ हलवत राहिलात. मग मी समजावून सांगितलं. साध्या मिठातले आयन एकसारखे, नीट रांगेत बसतात, म्हणून त्याचा खडा होतो. आम्ही मुद्दाम एक आयन मोठा आणि वाकडातिकडा बनवतो. त्याला रांगेत बसताच येत नाही, म्हणून सगळं पातळ राहतं. तुम्ही म्हणालात, "म्हंजे एका बाकावर तो पाटलाचा लठ्ठ बाळ्या बसवला की अख्खी रांग मोडायची, तसं." प्रज्ञाताई आतून हसली. पुढं मी पुण्यात नव्या मुलांना शिकवताना हेच उदाहरण देत आलो. बाळ्याचं नाव तेवढं बदलून.

त्यानंतर तुम्ही दर भेटीत विचारायचात, "मंग ते मीठ काय करून राह्यलं?" आणि मला सांगायला काहीतरी असायचं. हव्या त्या गुणांचा आयन निवडायचा, त्या द्रवाचं जेल करायचं, आणि त्या जेलनं आपणहून काहीतरी करून दाखवायचं. ऊन लागलं तर रंग बदलायचा, वीज दिली तर वाकायचं. माझ्या जेलमध्ये कोबाल्ट होतं. गार असताना ते गुलाबी दिसे आणि एका ठरावीक तापमानाच्या वर गेलं की निळं. काचेच्या पट्टीवर त्याचा पातळ थर द्यायचा. माझं म्हणणं असं होतं की मी बनवलेला नवा आयन उष्णतेनं कोबाल्टवरची आपली पकड बदलतो आणि त्यामुळे रंग बदलतो. त्यावर आमचे दोन पेपर छापून आले. लशींच्या गार डब्यात अशी पट्टी लावता येईल, डबा तापला की पट्टी निळी होईल, असं मी दुसऱ्या पेपरच्या शेवटी लिहिलं. ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्याच भागातला सरकारी दवाखाना होता. गावात माझ्या नावाचा फलक लागला. वडील तो बघायला दोनदा जाऊन आले.

मग गेल्या मे महिन्यातली ती दुपार.

मी दोन दिवस घरी तीर्थपुरीला राहून परतूरला आलो होतो. मेच्या कोरड्या हवेत डबीचं झाकण उघडून पट्टी घरी प्रत्येकाला दाखवली होती. तुमच्या हातात दिली तेव्हा ती निळी होती.

"गार असली की गुलाबी होते म्हणला होतास."

"बाहेर ऊन किती आहे बाई. तापलीय ती."

"मंग गार करू."

तुम्ही उठलात. तेव्हाच तुम्हाला चालताना दम लागत होता. पट्टी स्टीलच्या डबीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि डबी माठात सोडली. आपण चहा घेतला. तुम्ही डबी काढून पदरानं पुसलीत, उघडलीत. पट्टी निळीच होती. गार, आणि निळी.

तुम्ही पट्टी तोंडाजवळ नेलीत आणि आपण आरशावर धरतो तशी हळू वाफ धरलीत. तुमचा श्वास ऊन होता. माझं म्हणणं खरं असतं तर पट्टी निळीच राहायला हवी होती. ती मधोमध गुलाबी झाली, आणि ते गुलाबी बघता बघता कडेपर्यंत गेलं.

तुम्हाला आनंद झाला होता. आधी तुम्ही हसलातच. "दत्ता, हा तर आपला नववीतला कागद हाय." मग माझ्या तोंडाकडे बघून थांबलात.

मी म्हणालो, "नमुना प्रवासात खराब झाला असेल बाई."

"आसंल. मंग चांगला घे आणि त्यातलं पाणी मोज."

"मोजलेलं आहे."

"ह्याचं मोजलं?"

"या प्रकारच्या जेलचं."

"ह्याचं मोजलं का, म्हणून विचारून राह्यले मी."

तुम्ही शांतपणे सांगत गेलात. "श्रावणात दवाखान्यातली सिस्टर डबा उघडंल. हवा ओली. बर्फ कधीचा वितळलेला. तुझी पट्टी पाण्यानं गुलाबीच राहील. ती म्हणंल, डबा गार आहे, लस बराबर आहे. आणि टोचंल लेकराला. तिनं तुझ्या रंगावर भरवसा ठेवला ना?"

आणि मी म्हणालो, "बाई, हे शास्त्र आता फार पुढं गेलंय. शाळेतल्या कागदासारखं नाही ते."

तुम्ही कप उचलून आत ठेवलात. बाहेर येऊन म्हणालात, "आसंल बाबा. मी आपली बीएस्सी." पट्टी डबीत घालून, झाकण लावून माझ्या हातात दिलीत. त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. गाडीत बसल्यावर मागायची ठरवली, पुण्याला पोचल्यावर ठरवली, फोन हातात घेऊन ठरवली.

काय केलं होतं ते आता लिहितो. जेलच्या पहिल्या घाण्याचं पाणी मी खरंच मोजलं होतं. तो घाणा कोरडा होता. पाणी मोजायचं यंत्र दुसऱ्या विभागात, तिथं नंबर लावायचा, दोन-दोन आठवडे थांबायचं. पुढच्या घाण्यांना मी तोच आकडा लिहीत गेलो. द्रव तर मी तसाच वाळवत होतो, मग फरक का पडेल, असं मनाशी म्हणालो. पण थर मी उघड्या टेबलावर द्यायचो, पुण्याच्या पावसाळी हवेत. वहीतलं ते पान फार स्वच्छ आहे, बाई.

मे महिन्यानंतर यंत्रापुढून जायचं झालं की मी दुसऱ्या जिन्यानं जायला लागलो. जेवण जाईना. मोजलं नाही तोवर पाणी आहे हे सिद्ध होत नाही, अशी माझी समजूत. प्रबंध लिहून होत आला होता. माझ्या मागून आलेल्या रेश्मा नावाच्या मुलीचं सगळं काम माझ्याच जेलवर उभं होतं. ती रोज सकाळी विचारायची, "दत्तादादा, आज कुठला घाणा घेऊ?" मी बोट दाखवायचो.

ऑगस्टमध्ये तुमचं पोस्टकार्ड आलं. खाली सही, आणि वर एकच ओळ. "पाणी मोजलंस का?" त्याच आठवड्यात प्रज्ञाताईचा फोन आला की तुमच्या हृदयाचं ऑपरेशन औरंगाबादला ठरलं आहे, आईला आता कसलाही घोर नको. मी तिचा तो शब्द धरला. बाईंना घोर नको, म्हणून उत्तर लिहिलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते उत्तर मला माझ्यासाठीच हवं होतं. पत्र टाकलं आणि त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

ऑपरेशननंतर तुम्ही शुद्धीवर आला नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी परतूरला आलो. तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना मला औरंगाबादची ती खिडकी आठवली. तुम्ही कधीही म्हणाल, भीती वाटून राह्यली का, असं वाटत होतं. लोक पांगल्यावर प्रज्ञाताईनं एक पुस्तक आणून दिलं. त्यात माझं पत्र होतं.

"दवाखान्यात जायच्या दिवशी वाचलं आईनं," ती म्हणाली. "दोनदा वाचलं."

"काही म्हणाल्या का?"

"काय न्हाई. म्हणली, लई स्वच्छ लिहिलंय पोरानं." ताई रडता रडता हसली. "तुझ्या अक्षराचं कौतुक तिला पहिल्यापासूनच."

मी तिला काही सांगितलं नाही. पत्र खोटं आहे हे जाणून तुम्ही ऑपरेशनला गेलात, की माझ्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत गेलात, हे मला आता कधीच कळणार नाही. कुठल्या विचारानं जास्त भीती वाटते तेही सांगता येत नाही.

पुण्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्राच्या खोलीत जाऊन बसलो आणि उठलो नाही. तिसऱ्या दिवशी नंबर मिळाला. सहा घाणे मोजले. सहाही ओले. पहिल्या घाण्यापेक्षा कितीतरी पटींनी. मग रेश्माच्या कपाटातला नमुना मोजला. तोही ओला. शेवटी एक थर बंद पेटीत, कोरड्या हवेत दिला आणि त्याच पेटीत गार केला, तापवला. तो निळाच राहिला. तुमच्या माठातला प्रयोगच तो. रंग बदलत होता तो पाण्यानं, माझ्या आयनानं नाही.

वही घेऊन मी माझ्या मार्गदर्शकांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली. मग विचारलं, "तुला हे केव्हापासून माहीत होतं?"

आधीच्या कुठल्याही दिवशी मी म्हणालो असतो, आजच कळलं सर. मी म्हणालो, "मे महिन्यापासून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन्ही पेपरांच्या संपादकांना ते कळवणार आहेत. प्रबंध थांबला आहे. माझी संशोधनाची मुदत मार्चमध्ये संपते, पुढं काय ते समिती ठरवेल. रेश्माला मीच सांगावं असं ते म्हणाले. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग माझ्या दोन वर्षांचं काय?" आता ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. रोज सकाळी दार उघडताना आत ती असेल याची मला भीती वाटते, आणि नसेल याची त्याहून जास्त.

बाई, हे सगळं करून मन हलकं होतं असं लोक म्हणतात. माझं झालेलं नाही. वडिलांना कसं सांगायचं ते मला माहीत नाही. तो फलक अजून चौकात आहे. समितीपुढे उभं राहायचा दिवस ठरायचा आहे, आणि मी तेव्हा पुन्हा काहीतरी स्वच्छ बोलून बसेन, अशी मला स्वतःचीच धास्ती आहे. एवढंच झालंय, की मी आता पहिल्याच जिन्यानं जातो. आणि नवी वही केली आहे. तिच्यावर पहिल्याच आठवड्यात गुलाबी डाग पडलेत.

तुमच्या माठातलं पाणी प्यायल्याचं मी घरी सांगितलं नव्हतं, तेही इथं लिहून झालं. आजोबा आता नाहीत. आई वाचील.

राहिलं ते पत्र. मला ते फाडून टाकायचं होतं. पण खोडायचं नाही, खालचं वाचता आलं पाहिजे, हा तुमचा नियम. छापलेल्या पानावर आडवी रेघ मारता येत नाही, म्हणून वर लिहिलेलं सगळं त्या रेघेच्या जागी धरावं. पत्र जसं पाठवलं तसं खाली देतो.

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळ्या नमुन्यांतलं पाणी मोजलं. काहीही निघालं नाही. तुम्हाला दाखवलेली पट्टी प्रवासातच खराब झाली होती, हे आता नक्की झालं. आमच्या सरांनीही आकडे पाहिले आणि समाधान व्यक्त केलं. तेव्हा त्याविषयी मनात काही ठेवू नये.

प्रबंध दिवाळीपर्यंत पूर्ण होईल. पहिली प्रत घेऊन मी परतूरला येणार आहे. ऑपरेशनची काळजी करू नका, हल्ली ते फार सोपं झालं आहे. मलाही आता कसलीच भीती वाटत नाही.

आणि यापुढे माझ्या हातून काही चुकलंच, तर विचारायला तुम्ही आहातच.

तुमचा विद्यार्थी,
दत्ता